दोन मिनिटांचा डबा

प्रिय भावोजींस,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. जाऊबाईंना दोन जास्त, कारण तुमच्या घराण्यातल्या पुरुषाबरोबर दिवस काढणं काय असतं ते मला ठाऊक आहे. तुमची मान कशी आहे? वर बघून स्क्रू पिळणं कमी करा असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि तुम्ही त्यावर नेहमीप्रमाणे इतका विचार करत बसलात की त्यांनी पुढचा पेशंट आत घेतला, असं जाऊबाई सांगत होत्या. आम्ही दोघं ठीक आहोत. आमचं चाकांवरचं घर, तो कॅम्परही ठीक आहे. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही घाबरणार नाही.

तुमचे बंधुराज तीन महिने तुमच्याशी बोललेले नाहीत आणि तुम्हीही त्यांच्याशी नाही, हे मी विसरलेली नाही. त्या दिवशी तुम्ही आमच्या गाडीला तो सर्ज प्रोटेक्टरचा डबा बसवत होतात (विजेचा दाब एकदम वाढला तर आतलं काही जळू नये म्हणून तो असतो, एवढं आता मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल) आणि यांनी विचारलं, मला यातलं काही कळत नाही असं तुला वाटतं का. तुम्ही गप्प राहिलात. "चहा घेणार का" या प्रश्नालाही तुम्ही आधी गप्पच राहता, हे मला लग्न झाल्यावर आठवड्याभरात कळलं. यांना साठ वर्षांत कळलेलं नाही. यांनी चौतीस वर्षं बस चालवली, स्टॉपवर अर्ध्या मिनिटाच्या वर थांबायची सवयच नाही. तुमचं उत्तर यायच्या आत "मग जा" म्हणून मोकळे झाले. तुम्ही हत्यारांची पेटी उचलून चालते झालात. तुमचा लाल मुठीचा टेस्टर तेवढा आमच्याकडे राहिला, आणि तो डबा वापरायचा कसा हे सांगायचंही राहिलं.

त्यामुळे पहिल्याच मुक्कामी तमाशा झाला. मोठं मैदान, ओळीने आठ गाड्या आणि प्रत्येकीसमोर विजेचा एक खांब. यांनी ऐटीत वायर खांबाला लावली. डब्यावर पिवळा दिवा लुकलुकायला लागला आणि आत पंखा ढिम्म. यांनी वायर काढली, पिनांवर फुंकर मारली, पुन्हा लावली. पुन्हा पिवळा दिवा, पंखा ढिम्म. पुन्हा काढली. असं तासभर चाललं होतं. तेवढ्या वेळात माझी दोन पडद्यांची तुरपाई झाली (शिलाईचं दुकान बंद केलं तरी हात स्वस्थ बसत नाहीत). शेवटी घामाघूम होऊन हे पायरीवर बसले आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन होतंय तोवर पंखा आपणहून फिरायला लागला. वायरीला फुंकून फुंकून आपण वठणीवर आणलं, असं यांनी आजूबाजूच्या चारपाच गाड्यांना ऐकू जाईल इतपत आवाजात जाहीर केलं.

मी गुपचूप दारामागे तुम्ही चिकटवलेला कागद वाचला. (अक्षर जरा मोठं काढत चला. मला चष्म्यावर भिंग धरावं लागलं.) डबा आधी दोन मिनिटं वीज तपासतो, सगळं नीट असेल तरच आत सोडतो, आणि मध्येच काढलं तर पहिल्यापासून मोजायला लागतो. हे मी यांना दोन दिवस सांगितलं नाही. या वयात करमणुकीची साधनं कमी असतात. सांगितलं तेव्हा हे त्या डब्याकडे बघून म्हणाले, "अगदी त्याच्यावर गेलाय." तीन महिन्यांत तुमचा विषय निघाला तो हा असा.

तुमच्या बाकीच्या वस्तूंचे हालही ऐका. मी इस्त्री घेतली की धुराचा भोंगा किंचाळतो, म्हणून यांनी त्याला लोकरीची कानटोपी घातली होती. मी ती काढायची, यांनी पुन्हा घालायची. आग विझवायचा तो लाल सिलिंडर तुम्ही दाराशी अडकवलात, पण ती जागा यांना चपलांसाठी हवी होती, म्हणून तो पलंगाखाली गेला. मी परत दाराशी आणला. यांनी परत पलंगाखाली सारला. महिनाभर आमचा हाच संसार चालू होता. सुदैवाने त्या बुधवारी पाळी माझी होती.

तर आता बुधवार. शेजारच्या गाडीत एक निवृत्त दंतवैद्य आणि त्यांची पत्नी होती. माणसं फार गोड, पण आमच्या डब्याला दंतवैद्य रोज हसायचे आणि आपली वायर थेट खांबाला लावायचे. भर दुपारी मी आत आडवी झाले होते. एकदम डब्याने खट्ट केलं, पंखा थांबला. हे डब्याला चार शब्द सुनवायला बाहेर गेले तर त्यावर लाल दिवा. आणि त्याच क्षणी शेजारच्या गाडीत टीव्ही फाडकन फुटल्यासारखा आवाज झाला, खिडकीतून काळा धूर आला आणि पडदा पेटला. (त्या जागेचा वायरमन नंतर म्हणाला, कुठलीशी तार सैल होऊन सगळ्या ओळीत विजेचा दाब जवळजवळ दुप्पट झाला होता.) आग लागली तर तुमच्या कागदावर पहिलं कलम मेन स्विच पाडायचं आहे, ते मी त्यांच्या खांबापाशी पळत जाऊन केलं. हे सिलिंडर घेऊन धावले. आधी खिळा ओढा, असं मी मागून ओरडत होते. पहिला फवारा दंतवैद्यांवर गेला, ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसायला लागले. दुसरा पडद्यावर गेला. आग विझली. कोणाला काही झालं नाही.

मग हे आमच्या पायरीवर येऊन बसले. मी शेजारी बसले, तर माझा हात धरून गप्प राहिले. मी मनात मोजत होते, दोन मिनिटांच्या वर गेलं. भावोजी, तुम्हाला सरळच सांगते. त्या वेळी आपल्या गाडीत तुमचा डबा नसता, तर पेटलेला पडदा माझ्या उशाचा असता. हे मला कळतंय आणि यांना माझ्याहून जास्त कळतंय.

तेव्हापासून तिथून निघेपर्यंत काय चाललं होतं ते ऐका. रोज संध्याकाळी आमच्या दारात वर्ग भरायचा. दंतवैद्य पहिल्या रांगेत. हे तुमच्या टेस्टरने एकेक भाग दाखवत शिकवायचे आणि दर वाक्याला "माझा धाकटा भाऊ". माझ्या धाकट्या भावाने बसवलं, माझ्या धाकट्या भावाला असल्या गोष्टी आधी दिसतात, तो बोलत नाही पण विचार करतो. लोक यांना "दोन मिनिटवाले काका" म्हणायचे आणि हे खूश व्हायचे. मी म्हटलं, हे सगळं भावोजींना फोन करून सांगा. तर म्हणाले, तो गेला, त्याने यावं. तुम्हीही तिकडे हेच म्हणत असणार, की त्यांनी जा म्हटलं, त्यांनीच बोलवावं. दोघांना एकाच साच्यातून काढलंय.

असो. आमची काळजी करू नका. हे पत्र फक्त खुशालीचं आहे, माझं काही मागणं नाही. मान जपा.

तुमची,
वहिनी

ता. क. मागणं आहे. डब्यावरचा लाल दिवा आता हिरवा होत नाही; आमचं सगळं वाचवून तो स्वतः गेलेला दिसतो. आम्ही आता घरी परतलोय; येताना वाटेत यांनी नवा आणला आणि रविवारी स्वतःच बसवणार म्हणतात. तुम्हाला माहीत आहे यांचा हात. रविवारच्या आत या. मी बोलावलं म्हणू नका, टेस्टर न्यायला आलो म्हणा.

ता. क. २. (अक्षर वेगळं दिसेल. मी लिहितोय.) पाकीट न चिकटवता माझ्या चष्म्याखाली ठेवायची तुझ्या वहिनीला खोड आहे आणि ती मुद्दाम ठेवते हे मला कळतं. वायर लावायला तासभर नव्हे, फार तर चाळीस मिनिटं लागली. दंतवैद्य मध्ये आला म्हणून फवारा त्याच्यावर गेला. नवा डबा मी उघडलेला नाही, खोक्यातच आहे. तो तूच बसव. टेस्टर माझ्या खिशात आहे, टपालाने पाठवणार नाही. शनिवारी सकाळी अकराला मी फोन करतो. उचललास की हवा तेवढा वेळ गप्प राहा. मी मध्येच ठेवणार नाही.