हेल्वीची होडी वाळवल्याची हकीकत

प्रिय हिल्काताई,

धाकट्या भावाचा नमस्कार घे. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि ओन्नी भावोजींचा खोकला अजून नेमका भांडी घासायच्या वेळेलाच येतो का, ते कळव. तुमच्या कुओपिओत पाऊस आहे असं रेडिओवर ऐकलं. इथे ऊन आहे, डास आहेत आणि मी जिवंत आहे. यातली शेवटची गोष्ट गेल्या रविवारी एवढी पक्की नव्हती, म्हणून हे पत्र.

हेल्वी तुला ठाऊक आहे. (तळ्याच्या पलीकडे, माझ्या घराच्या समोरच्या काठावर राहते ती. नाताळात मी तिच्याबद्दल नुसतं 'शेजारीण' म्हटलं आणि तू भावोजींकडे पाहिलंस, ते माझ्या लक्षात आलं होतं.) तिचा नवरा वेइक्को जाळी काढायला गेला असताना वाऱ्यात होडी उलटून बुडाला. त्याला बरीच वर्षं झाली. त्याला काठाला ओढून आणला तो हेल्वीनेच. तरीही ती दर उन्हाळ्यात त्याच पाण्यावर होडी घालते, कारण पाण्यावर राग धरला तर इथे घराबाहेरच पडायला नको. मला मात्र पोहता येत नाही. आपण सपाट मुलखातली माणसं. आपल्या गावात कोणाला बुडायचं असतं तर आधी खड्डा खणावा लागला असता. त्यात मी जन्मभर बस चालवली. रस्त्याचं मला बरं वाटतं, तो खाली असतो आणि खालीच राहतो. पण हे हेल्वीला मी कधी बोललो नाही. इकडे पोहता येत नाही म्हणणं म्हणजे चमचा धरता येत नाही म्हणण्यासारखं आहे.

तर या उन्हाळ्यात तिला लग्नाचं विचारायचंच, असं मी ठरवलं. दुकानापाशी बसणाऱ्या म्हाताऱ्यांनी सांगितलं की असली गोष्ट होडीत विचारावी, कारण होडीतून कोणाला उठून जाता येत नाही. (हे विचारणाऱ्यालाही लागू आहे, एवढं त्यांनी सांगितलं नाही.) मी हेल्वीला म्हटलं, रविवारी कोलोवेसी तळ्यात त्या कड्यापर्यंत जाऊ या, जिथे जुन्या काळच्या माणसांनी तांबडी चित्रं काढली आहेत. ती म्हणाली, 'पाऊस आला नाही तर पाऊस नसेल.' याला मी होकार धरला.

आता माझं शहाणपण ऐक. शनिवारी तिच्या धक्क्यावर गेलो, तर तिची लाकडी होडी उथळ पाण्यात बुडालेली. आत काठोकाठ पाणी, वर पाइनच्या सुया तरंगताहेत. हेल्वी बाजाराला गेलेली. मला वाटलं, बिचारी एकटी बाई, कोण बघणार होडीकडे. मी ती ओढून काढली (पाठीत अजून चमक आहे), पाणी उपसलं, फडक्याने कोरडी ठणठणीत केली आणि रविवार उजाडेपर्यंत उन्हात-वाऱ्यात खडकावर उताणी ठेवली. पहाटे लवकर येऊन पाण्यात लोटली आणि वर चटई अंथरली. फार बरं वाटलं मला. ताई, तू हसत असशील. हिवाळाभर वाळलेली होडी फळ्या फुगून फटी बुजाव्यात म्हणून मुद्दाम बुडवून ठेवतात, हे मला कोणी सांगायचं? बस कोणी बुडवून ठेवत नाही.

निघालो तेव्हा सगळं छान होतं. मी वल्ही मारतो आहे, हेल्वी समोर बसून हाताने वाट दाखवते आहे, मध्ये मी आणलेली, राय धान्याच्या कणकेत मासे भरून भाजलेली माशाची भाकरी कापडात गुंडाळून ठेवली आहे. मग डोंगर जवळ आले. तिथे डोंगर काठापाशी थांबत नाहीत, सरळ पाण्यात शिरतात, आणि खाली किती जातात ते कोणी सांगत नाही. पाणी काळं. मोटरच्या होड्यांना तिथे बंदी, त्यामुळे आवाजही नाही. तेवढ्यात शेजारी पाण्यातून एक टकलं डोकं वर आलं, मिशा फेंदारून त्याने माझ्याकडे पाहिलं, फुसकन श्वास सोडला आणि खाली गेलं. इथल्या तळ्यात राहतो तो सील होता, हे मला आता कळतं. त्या वेळी मला वाटलं, वेइक्को. खरं सांगतो, हसू नकोस.

आणि मग मोजे ओले झाले. चटई उचलून पाहिली तर फळ्याफळ्यांतून पाणी झिरपत होतं. मी कॉफीच्या पेल्याने, हेल्वी डोंगराकडे बघत असताना, हळूच उपसू लागलो. पाणी घोट्याला आलं. लांबून दोन निमुळत्या होड्या जाताना दिसल्या. मी उठून दोन्ही हात हलवले. तुला माहीत आहे इथली रीत, पाण्यावर माणूस दिसला की हात करायचा. त्यांनीही दोन्ही हात हलवले आणि वळणाआड गेले. ओरडलो का नाही म्हणशील, तर रविवारी सकाळी अनोळखी माणसांवर कसं ओरडायचं? हेल्वी म्हणाली, 'बऱ्याच ओळखी आहेत तुमच्या.' मग तिने खाली पाहिलं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि पायाशी वाढत होतं. मी सगळं एका दमात बोललो. होडी मी वाळवली, मला पोहता येत नाही, मला फार भीती वाटते, आणि माझ्याशी लग्न करशील का. (क्रम असा नव्हता ठरवला.) ताई, त्यातलं लग्नाचं तिने ऐकलं की नाही कोण जाणे. 'पोहता येत नाही' यावर तिचा चेहरा पांढराफटक पडला. असा चेहरा मी कधी पाहिलेला नाही. पाण्याच्या भीतीपेक्षा त्या चेहऱ्याची भीती मोठी होती. ती म्हणाली, 'खाली बस. मध्यभागी. हलू नकोस.' मला पहिल्यांदाच अरेतुरे केलं. मग माशाची भाकरी फोडली, मासे पाण्यात टाकले आणि रायचं चिकट कवच मळून मळून फटींत दाबत सुटली. भाकरी चांगली भाजली असती तर आम्ही गेलोच होतो. मग वल्ही तिने घेतली, मी उपसत राहिलो, आणि त्या चित्रांच्या कड्याखाली खडकाला लागलो. चित्रं मी पाहिली नाहीत. मी खडकाला मिठी मारून बसलो होतो.

ती माझ्याकडे पाठ करून बराच वेळ उभी होती. खांदे हलत होते, हसण्याने की कशाने ते कळेना. शेवटी मी पुन्हा विचारलं, या वेळी जमिनीवरून. ती म्हणाली, 'ते तसं बघायला गेलं तर बघता येईल.' मग तीच वल्हवत काठाकाठाने घरी घेऊन आली, आणि तेव्हापासून दिसलेली नाही.

असो. भावोजींना नमस्कार. औषध वेळेवर घे.

तुझा,
तौनो

ता. क. : ताई, पत्र खरं यासाठी लिहिलं. तू या सावो मुलखात लग्न करून आलीस आणि जन्म इथे काढलास. इथली माणसं 'होय' आणि 'नाही' हे शब्द पाहुण्यांच्या कपबशांसारखे कपाटात ठेवतात. 'बघता येईल' म्हणजे काय, ते भावोजींना विचारून उलट टपाली कळव. मला झोप नाही.

आणखी एक : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात हेल्वी आली. आत आली नाही. दारातूनच म्हणाली, 'उद्या सकाळी धक्क्यावर ये. पोहायला शिकवते.' म्हटलं, या वयात? तर म्हणाली, 'एक नवरा मी पाण्यातून काढलाय. दुसरा काढणार नाही.' आणि गेली. तेव्हा भावोजींना विचारू नकोस, त्यांची पोहायची चड्डी तेवढी पाठव. मला आता पूर्वीपेक्षा जास्त भीती वाटते आहे, ताई. आता बुडून चालणार नाही.