दोन मिनिटं अकरा सेकंदांचा प्रवास

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरलाय, त्यामुळे आठांपैकी सहा अंगांचाच समज.) तुझी पाठ कशी आहे? तीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवून निवृत्त झालेल्या बाईची पाठ दुखणारच, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. आम्ही सगळे मजेत. आईची तब्येत उत्तम, आवाज त्याहून उत्तम. पत्र पाहून तू चाट पडशील. चार वर्षांपूर्वी मी बाबांची गाडी तुला न विचारता विकली आणि तू फोन आपटलास, तो अजून आपटलेलाच आहे. त्या विषयावर मी आज एक अक्षर लिहिणार नाही. (पत्रा पार गंजला होता, पायाखालून रस्ता दिसायचा. असो. लिहिणार नाही म्हटलं ना!)

विषय सूर्याचा आहे. पुढच्या महिन्यात खग्रास ग्रहण आहे आणि सावलीचा पट्टा बरोबर तुझ्या गावावरून जातोय. आमच्याकडे सूर्याचा नुसता लचका तुटणार, तुमच्याकडे तो दोन मिनिटं अकरा सेकंद साफ गडप होणार. ही माहिती वरच्या मजल्यावरच्या भूगोलाच्या बाईंची. शाळा सोडून सात वर्षं झाली तरी समोर येईल त्याला शिकवतात. त्यांनी आईला जिन्यात गाठून सगळं समजावलं. आईने शांतपणे ऐकून एकच विचारलं, पट्टा नक्की आमच्या लेकीच्या घरावरून जातो ना? बाई म्हणाल्या, अगदी गच्चीवरून. झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी आईची पिशवी भरून दाराशी हजर. अजून चार आठवडे आहेत म्हणून सांगून पाहिलं, तर म्हणते, असू देत, भरलेली बरी. ती पिशवी तिथून हलत नाही आणि मी येता-जाता तिच्यावर ठेचकाळतो.

तर आम्ही येणार असं ठरलं. आई, मी, ही, बाई आणि हिचा भाऊ, म्हणजे आपला ड्रायव्हिंग स्कूलवाला मास्तर. बस आणि रेल्वे आधीच भरल्या होत्या, म्हणून मास्तरच्या स्कूलची गाडी घ्यायची. तुला तर ठाऊकच आहे, शिकवायची गाडी, शेजारच्या सीटसमोरही एक ब्रेक. तयारीत मी कसूर ठेवली नाही. चष्म्याचं दुकान माझं, म्हणून ग्रहणाचे काळे चष्मे मागवले, आई आणि बाईंसाठी नंबराच्या चष्म्यावर बसतील असे मोठे. अंगणात रंगीत तालीम घेतली. त्या चष्म्यांतून सूर्य सोडून काहीच दिसत नाही हे मला माहीत होतं, पण पाच जणांनी एकदम लावल्यावर काय होतं हे माहीत नव्हतं. मास्तर कुंडीत गेला, मी हिच्या पायावर उभा राहिलो आणि बाई पाण्याच्या टाकीला पाच मिनिटं सूर्याभोवतीचं प्रभामंडल समजावत होत्या. टाकीने सगळं निमूट ऐकून घेतलं, म्हणून बाई खूश.

गेल्या रविवारी गाडीची तालीम. मागे तिघी बसल्या, मी पुढे यायला निघालो तर मास्तर अगोदरच शेजारच्या सीटवर पट्टा लावून तयार. त्याने आरसा नीट केला, दाराची खात्री केली आणि म्हणाला, हं, क्लच दाबा. कोण दाबणार? चालकाची सीट रिकामी! सव्वीस वर्षांत तो त्या सीटवर बसलेलाच नाही गं. शेवटी स्टिअरिंगवर मी बसलो. बाबांची गाडी गेल्यापासून मी काही चालवलेलं नाही, हे तिथे बोलायची सोय नव्हती. मी जरा वेग घेतला की मास्तर त्याच्या बाजूचा ब्रेक दाबे. कुत्रं दिसलं, ब्रेक. कुत्रं दिसेल अशी जागा दिसली, ब्रेक. आणि वळायचं कुठे हेही तोच सांगत होता, त्यामुळे पाऊण तासाने आम्ही शहराबाहेर नव्हे, तर त्याच्या स्कूलच्या दारात पोचलो. रोजची चक्कर, दुसरं काय! आईने विचारलं, आलं का ताईचं घर? बाईंनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

पुढची गोष्ट लिहायला मला लाज वाटते, पण तू हसशील म्हणून लिहितो. मास्तरने खणातून परीक्षेचा कागद काढला, खुणा केल्या आणि मला नापास केलं. नात्याचा मुलाहिजा नाही! नापास माणसाच्या हाती प्रवासी देणार नाही म्हणाला. मी म्हटलं, मग तू चालव. पण मीही माझ्या धंद्याला जागणारा माणूस. सोमवारी त्याला दुकानात खुर्चीवर बसवून नजर तपासली, तर पाटीच्या तिसऱ्या ओळीपाशी गडी थांबला. डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय आणि हा म्हणतो, तुझ्या दुकानात उजेड कमी. मीही त्याला नापास केलं. पाच दिवस झाले, आम्ही दोघं एकमेकांशी अतिशय सभ्यपणे बोलतोय. हिने शिकायला सुरुवात करून नऊ वर्षं झाली, पण सख्ख्या भावाने तिला अजून पास केलेलं नाही. बाईंना जगातले सगळे रस्ते पाठ आहेत, चालवता एकही येत नाही.

तरी तू काळजी करू नकोस. आमचं येणं पक्कं आहे. मार्ग आखलाय, पाण्याच्या बाटल्या मोजल्यात, आईने पुढची जागा मागून घेतलीय. किरकोळ एक-दोन गोष्टी राहिल्यात, त्या होतील. गच्ची झाडून ठेव आणि तब्येतीला जप.

तुझा धाकटा

ता. क. राहिलेली किरकोळ गोष्ट म्हणजे गाडी चालवणारं कोणी नाही. तुझ्याकडे येणाऱ्या बस भरल्यात, पण तुझ्याकडून इकडे येणारी रिकामी धावतेय, मी चौकशी केली. तेव्हा तू बसने इकडे यायचंस आणि आम्हाला घेऊन पुन्हा तिकडेच जायचंस. उलटा कारभार आहे, कळतंय. मास्तरला मागे आमच्यात दाटीवाटीने बसवू, तिथे ब्रेक नाही.

ता. क. दुसरा. गाडी तुला विचारूनच विकायला हवी होती. पत्रा गंजला होता हे खरं, पण मी विचारलं नाही ते तू नाही म्हणशील म्हणून. चुकलं माझं. चार वर्षं हे एक वाक्य लिहायचं राहिलं होतं.

ता. क. तिसरा, आणि शेवटचा. बाई आत्ताच खाली येऊन सांगून गेल्या, ग्रहणाच्या दिवसांत त्या भागात बहुतेक वेळा दाट ढग असतात, सूर्य दिसेल याची खात्री नाही. मी आईला सांगितलं. ती म्हणाली, सूर्याचं काय घेऊन बसलास? ताई कधी येतेय ते विचार.