तिसऱ्या पिशवीविषयी

मी, शिए वेन-चुन, वय अठ्ठावन्न, धंदा घड्याळदुरुस्ती, राहणार चिलुंग, तैवान, हे कुणाच्या दडपणाविना, पूर्ण शुद्धीत लिहितो. उद्या सकाळी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोकं ठिकाणावर आहे, हाताला मात्र सलाईनची सुई आहे. अक्षराला कुणी हसू नये.

१. दुकान व वरची खोली श्री. छाय मिंग-ताई यांना द्यावी. बावीस वर्षं शेजारी त्यांना माझे भाडेकरू समजतात. ते माझं घरचं माणूस आहेत. कायदा आमचं लग्न मानत नाही, म्हणून हा कागद.

२. चिमटे, भिंगं, अवजारं त्यांनाच. विकली तरी चालतील, गंजू देऊ नयेत.

३. धाकटा भाऊ वेन-लियांग यास माझा नवा कोट. दर चार महिन्यांनी याची नवी मैत्रीण, तरी नववर्षाला ऐटीत रक्त देऊन येतो आणि मला म्हणतो, "दादा, तुझ्या रक्ताला कुत्रं तरी विचारतं का?" त्याला कुणी परत पाठवत नाही. मी एकाच माणसाबरोबर बावीस वर्षं काढली, पण तो माणूस पुरुष, तेव्हा मला रक्त द्यायला कायमची बंदी.

४. माझं रक्त आरएच निगेटिव्ह, इकडे हजारात तीन-चार जणांचं. आमची एक यादी आहे. गरज पडली की एकमेकांना फोन जातो. अकरा वर्षांपूर्वी एका बाळंतिणीसाठी मला आला. फॉर्मवर 'पुरुषाशी संबंध आला आहे का?' यापुढे खोटंच 'नाही' लिहून मी रक्त दिलं. घरी येताच खोटं पकडलं जाण्याची भीती वाटली. रक्तपेढीची एक सोय असते: कारण न सांगता 'माझं रक्त वापरू नका' एवढं फोनवर कळवायचं. मी कळवलं. पिशवी वाया गेली. मी निरोगी होतो, दरवर्षी एचआयव्हीची तपासणी करून घेत होतो. त्या बाईचं पुढे काय झालं, हे विचारायची हिंमत आजवर झाली नाही.

५. उद्या मला तीन पिशव्या लागतील. दोन आहेत. तिसरी काल यादीतल्या एका मित्राने दिली. नाव लिहीत नाही. आज दुपारी शेजारचा रुग्ण एक्स-रेला गेला असताना तो आला, दार लोटून घेतलं.

"दादा, मीपण तुमच्यातलाच. फॉर्मवर 'नाही' लिहून आलोय. पकडलं तर? तो फोन करून टाकू का?"

"तपासणी केलीस?"

"मागच्याच महिन्यात. काही निघालं नाही."

त्याने फोन केला आणि मी वाचलो नाही, तर मिंग-ताई, त्याला बोल लावू नकोस. मीही तेच केलं होतं. मला मरायची फार भीती वाटते रे. त्याला मी एवढंच म्हणालो, "तुझ्या मनाला विचार." म्हणताना त्याचा हात मात्र मी घट्ट धरून ठेवला होता.

सही: शिए वेन-चुन
साक्षीदार (सही होताना पाहिली, मजकूर वाचला नाही): खो शू-फेन, परिचारिका, यो चिन-फा, शेजारच्या खाटेवरील रुग्ण
चिलुंग, ६ नोव्हेंबर २०१४