गाडी बदलली, बाबा

प्रिय बाबा,

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते मला माहीत नाही. पण आज सकाळी त्या गढवाली बसड्रायव्हरचा फोन आला आणि तेव्हापासून माझं कशात चित्त लागेना. आई ओट्यापाशी पोह्यांवर शेव पेरत होती. तो म्हणाला, "दीदी, बद्री के कपाट बंद हो रहे हैं. गाड़ी अब गर्मी तक खड़ी रहेगी. आपके बाबूजी का क्या करूँ?"

बाबा, तुम्ही अजून त्या बसमध्येच आहात?

खरं सांगू, आधी रागच आला तुमचा! जन्मभर हेच केलंत. महूच्या शाळेत मास्तर होतात, रोज बसने जायचात, आणि रोज खिडकीला डोकं टेकून झोपायचात. कंडक्टरने हलवून "माड़साब, महू आ गया" म्हटल्याशिवाय कधी उतरलात का? एकदा नवा कंडक्टर होता, तर थेट मानपूरचा घाट पाहून आलात. वर घरी येऊन म्हणालात, "मला कोणी सांगितलंच नाही."

आता मात्र कोणाला बोलू? या वेळी खरंच कोणी सांगितलं नव्हतं.

तुमच्या अस्थी घेऊन निघालो तेव्हा आईने दारातच बजावलं होतं. "वाटेत त्यांना सांगत राहा. पूल आला, सांगा. वळण आलं, सांगा. गाडी बदलली तर आधी सांगा. गेलेला माणूस वाट विसरतो, तो मागे राहता कामा नये." आपल्यात मुळात नसेलही ही रीत, पण आपल्याला माळव्यात इतक्या पिढ्या झाल्या, इथलं सगळं अंगी लागलंय. आपल्या धाकट्या विनूला आधी हसू यायचं. मग ऋषिकेशला तुमचं वेगळं तिकीट काढलं, तुम्हाला खिडकी दिली, आणि कलश मांडीवर घेऊन तोच बोलायला लागला, "बाबा, गाडी सुटली हं. बाबा, पूल. खाली गंगा आहे, बघा!"

आणि त्या रस्त्यावर वळणं काय थोडी आहेत? एक संपत नाही तोच दुसरं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नुसतं धुकं. लोक ओकत होते, ड्रायव्हर कोपऱ्याकोपऱ्यावर हॉर्न देत होता, आणि आमचा विनू देवाचं नाव घ्यावं तसा तुम्हाला वळणं सांगत होता. पुढच्या बाकावरच्या म्हातारीने वळून बघितलं. वेड्यात काढेल असं वाटलं मला. तिने तर तुमच्या सीटला हात जोडले.

पीपलकोटीच्या पुढे दरड कोसळली होती. बस तिथेच थांबली. सगळ्यांनी उतरायचं, सामान डोक्यावर घ्यायचं, ढिगाऱ्यावरून पलीकडे चालत जायचं आणि तिकडच्या जीपमध्ये बसायचं. पहाडात हे नेहमीचंच म्हणे. पण वरून दगड सुटत होते हो! शिपाई शिट्ट्या फुंकत "भागो, भागो" ओरडत होता. मी पिशव्या घेऊन पळाले, विनू कलश पोटाशी धरून पळाला. पलीकडे पोचलो, जीपमध्ये कोंबले गेलो, जीप सुटलीसुद्धा.

बद्रीचं गाव दिसायला लागलं तेव्हा विनू हळूच म्हणाला, "ताई, गाडी बदलली ते तू बाबांना सांगितलंस ना?"

"मी? ते तुझ्या मांडीवर होते ना रे!"

बद्रीला ब्रह्मकपालच्या घाटावर गुरुजींनी पिंड ठेवताना विचारलं, "पिताजी साथ आए हैं न?" विनूने नुसता कलश पुढे केला. अस्थी अलकनंदेत सोडल्या, पण आत काही म्हणता काही निवलं नाही. परत येताना ऋषिकेशच्या बसअड्ड्यावर त्या ड्रायव्हरला शोधून काढलं. "गाडीत काही राहिलं का आमचं?" तो दुसरीकडे बघत म्हणाला, "नहीं दीदी." तरी मी नंबर देऊन आले. आईला आम्ही यातलं काही बोललो नव्हतो.

आज मात्र तो भडभडा बोलला. तुमच्या सीटवर कोणी टिकत नाही म्हणे, दोन वळणं झाली की माणूस उठून उभा राहतो. सगळ्या काचा धुक्याने आंधळ्या होतात, आणि तुमच्या खिडकीवर मात्र तळहाताएवढी जागा आतून पुसलेली असते. आणि प्रत्येक थांब्यावर त्याच्या मानेमागे कोणीतरी काहीतरी विचारतं.

"क्या पूछता है?" मी म्हटलं.

"अपनी बोली नहीं है दीदी. 'उतरू का' बोलते हैं. ये क्या होता है?"

बाबा, माझ्या हातातली बशी खाली पडली.

मी घाबरले नाही असं म्हणणार नाही. पण त्याहून जास्त वाटलं ते हे, की किती गरीबपणे विचारताय हो! इतके महिने, त्या घाटात वरखाली, आणि उत्तर द्यायला मराठी समजणारं एक माणूस नाही. रडू आवरेना मला.

विनू सांवेर रोडवरून कारखाना सोडून धावत आला. "चढवून बोलत असेल यार तो," म्हणाला, पण त्याचाही चेहरा उतरला होता. मग आईला सगळं सांगावंच लागलं. वाटलं, ती हाय खाईल. ती उलट उसळली, "मग बसलात काय? देहरादूनची गाडी बघा! मीच जाते." गुडघे दुखतात म्हणून जी राजेंद्र नगरातल्या बाजारातही जात नाही, ती!

पण ड्रायव्हरने शेवटी जे सांगितलं, त्याने तीसुद्धा पांढरी पडली. दिवस कलला की त्या दरडीपाशी बाईचा आवाज येतो म्हणे. ढिगाऱ्याच्या पलीकडून कोणाला तरी बोलावते. परवा बस तिथे थांबली तेव्हा तुमच्या सीटचा आवाज झाला, कोणी उठलं की होतो तसा. त्याने झटकन गाडी काढली. ती काय म्हणते ते त्याने मला म्हणून दाखवलं. "अहो."

आईने फोन पालथा ठेवला. मग म्हणाली, "मी तर इथे आहे."

म्हणून हे पत्र, बाबा. नीट ऐका. ती आई नाही. कितीही ओळखीचा आवाज वाटला तरी जागचे हलू नका. आम्ही निघतोय, आईला घेऊन येतोय, हा माझा शब्द. आणि आई या वेळी "अहो" म्हणणार नाही. लग्नापासून जे तिने उखाण्याखेरीज कधी उच्चारलं नाही, ते तुमचं नाव घेऊन ती तुम्हाला हाक मारणार आहे. त्याच हाकेला उतरा.

ते नाव मी इथे लिहीत नाही. तुमच्याआधी हे पत्र कोण वाचेल, काय सांगावं.

तुमची,
सुमी