घरचा प्लंबर आणि छातीतली नळी

दि. ४ मार्च

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

दवाखान्यातून सुटले. सोबत छातीतून लोंबणारी एक नळी मिळाली आहे. तिथले लोक तिला लाइन म्हणतात. तिचं आतलं टोक काळजापर्यंत गेलंय आणि उरलेली सगळी केमो तिच्यातूनच जायची आहे. हाताच्या शिरांनी केव्हाच अंग काढून घेतलं. त्यामुळे ही लाइन बिघडली तर उपचार खोळंबतील आणि आजाराला मोकळं रान मिळेल, असं डॉक्टरांनी बजावलंय.

ती तुंबू नये म्हणून रोज सलाईनची सिरिंज लावून धुवायची असते. हे काम तुझ्या भाऊजींनी अंगावर घेतलंय. जन्मभर लोकांच्या मोऱ्या उपसल्या, आता बायकोची पाळी. नर्स शिकवत होती तेव्हा यांचा चेहरा असा की जणू तीच यांच्या हाताखाली कामाला लागलीय. हळू ढकला, थांबा, पुन्हा ढकला, अडलं तर जोर न लावता आम्हाला फोन करा, असं तिने सांगितलं. त्यावर हे म्हणाले की अडल्यावर फोनच करायचा तर प्लंबर कशाला हवा. मी डोळे मिटून घेतले.

घरी मात्र कोपरापर्यंत हात धुतात, दोघांच्या तोंडाला मास्क लावतात, नळीची टोपी स्पिरिटने घासून पुसतात. पहिल्या दिवशी ती वाळावी म्हणून मास्क खाली करून त्यावर फुंकर मारली. मी ओरडले, पुन्हा पुसायला लावलं, मग जेवणापर्यंत रुसवा. नुसती फिरवून बसवलेली टोपी त्यांना पटत नाही. वॉशर नाही, टेप नाही, असल्या सांध्यावर आपण बादलीसुद्धा भरणार नाही, असं पुटपुटत फिरतात.

तू येऊ नकोस. एका पुरुषाला सांभाळताना नाकी नऊ आलेत.
माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी ताई

दि. ९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलो, मग घाबरलो. मी लोकांना गाडी शिकवतो तेव्हा माझ्या पायाखाली जादा ब्रेक असतो. तुमच्या घरात तो कुणाकडे आहे? भाऊजींचं काम चोख, पण स्वयंपाकघरातला नळ त्यांनी असा आवळलाय की पाणी प्यायला शेजारी जावं लागतं.

तुझी मात्र जास्त काळजी वाटते. तू दुखणं लपवण्यात पटाईत. सूचनांच्या कागदाचा फोटो पाठवलास तो मी पाठ केलाय. लाइन धुतल्यावर थंडी वाजली, ताप आला, तर पांघरूण घ्यायचं नाही, लगेच दवाखान्याला फोन करायचा. पंखा जोरात आहे, खिडकी उघडी आहे, ही तुझी ठेवणीतली कारणं भाऊजींना मी फोनवर आधीच सांगून ठेवली आहेत. राग आला तर येऊ दे.

भाऊजींना नमस्कार. तुझ्या शिव्यांचा भुकेला,
छोट्या

दि. १५ मार्च

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

वॉर्डातून लिहिते आहे. काल लाइन धुऊन झाली आणि थोड्या वेळात माझे दात वाजायला लागले. मी यांना खिडकी लावायला सांगितलं. खिडकी बंदच होती. यांनी थर्मामीटर लावला, आकडा पाहिला आणि मी नको नको म्हणत असताना फोन केला. तू चुगली केली होतीस म्हणून, असं त्यांनी टॅक्सीत सांगितलं. तुला नंतर बघते.

हे खाली टॅक्सीवाल्याचे पैसे देत होते, तेवढ्यात नर्सने पट्टी उघडली. टोपीच्या सांध्यावर पांढरी टेफ्लॉन टेप, अगदी न्हाणीघरातल्या नळाला गुंडाळतात तशी सुबक. मी झोपले असताना यांनी टोपी काढून ती लावली असणार. गळू नये म्हणून, दुसरं काय. नर्सने विचारलं, हे कुणी केलं. मी म्हटलं, मी. तिने माझी जी खरडपट्टी काढली, तशी सासूनेही कधी काढली नव्हती.

जंतू त्यातूनच गेले असावेत, असं डॉक्टरांना वाटतंय. टोपी बदलली, औषध चालू आहे. ताप उतरला नाही तर लाइन काढावी लागेल. छोट्या, मला भीती वाटते. आणि त्यापेक्षा जास्त भीती, टेपमुळे हे झालं असं यांना कळेल याची वाटते. हा माणूस पुन्हा उभा राहणार नाही. तू गप्प राहा.
जीव लावतोस तसाच लावत राहा.
तुझी ताई

दि. २२ मार्च

चि. छोट्यास,
आशीर्वाद.

मला लिहिता येत नाही, तरी लिहितो. ताप उतरला. लाइन वाचली. काल घरी आलो.

टेप मीच लावली होती. ताप चढला तेव्हाच मला शंका आली होती. दुसऱ्या दिवशी नर्सकडे जाऊन सांगितलं. ती म्हणाली, तुमच्या बायकोने कालच कबूल केलंय, या टेपला आईबाप किती ते दोघं मिळून ठरवा. मग तुझ्या ताईसमोर जाऊन उभा राहिलो. ती म्हणाली की टेप चांगली बसली होती, फक्त जागा चुकली. असं बोलणाऱ्या बाईचं काय करायचं, तूच सांग.

मी दवाखान्यात सांगितलं की आता मी हात लावणार नाही, रोज घरी नर्स पाठवा. आज सकाळी ती आली. तुझ्या ताईने तिला चहा दिला, खुर्ची दिली आणि बजावलं की तुम्ही बसून नुसतं बघायचं, लाइन हेच धुणार. मी नाही म्हणालो. तुझी ताई गळ्याजवळचं बटण उघडून बसून राहिली. किती वेळ बसणार, असं नर्सने विचारलं, तर म्हणाली, हे हात धुऊन येईपर्यंत.

मी हात धुऊन आलो. टोपी स्पिरिटने पुसली, आपोआप वाळू दिली. हळू ढकललं, थांबलो, पुन्हा ढकललं. पाणी सुरळीत गेलं. आजवर इतक्या घरांत पाणी चालू करून दिलं, लोक नेहमी नळाकडे बघतात. तुझी ताई पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होती. तिला जराही भीती वाटत नव्हती. मला रडू आलं. मास्क होता म्हणून निभावलं.

तिच्यावर आहे त्यातला थोडा लोभ माझ्यावरही असू दे.
तुझा,
भाऊजी