बहुतांशी आहे

३ नोव्हेंबर २०२५, मेढा
आलो एकदाचा! सांगलीहून सकाळी निघालो, साताऱ्यात एसटी बदलली आणि दुपारी कॉलेजात हजर झालो. डोंगर झकास, हवा थंड, खोली स्वच्छ. माणसं मात्र दिव्य. प्राचार्यांनी नारळ फोडून माझ्या प्रयोगशाळेचं उद्घाटन केलं आणि ‘क्वांटम’चा उच्चार तीन वेळा तीन तऱ्हांनी केला. तो क्वांटम संगणक परदेशात आहे, इथून नेटवरून वापरायचा. मी मराठीत प्रश्न टाकायचा, एआयने तो त्या यंत्राच्या भाषेत बसवायचा, यंत्राने हजार वेळा सोडवायचा आणि ‘हो’ किती, ‘नाही’ किती हे एआयने मला सांगायचं. प्राचार्यांना दोनदा समजावलं. त्यांनी विचारलं, यावर प्रिंट निघते का.

आईचा फोन आला. ‘जेवलास काय रं?’ आता रोज सहाला करणार म्हणते.

५ नोव्हेंबर
शिपाई सयाजी हे खास प्रकरण आहे. त्याचा भाऊ भैरोबाचा पुजारी. इथं लग्न असो की विहीर, आधी देवाला कौल लावतात. मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी म्हणालो, माझं यंत्रही तेच करतं, फक्त हजार वेळा. गडी दचकलाच. म्हणाला, ‘एकच गोष्ट दोनदा इचारू न्हाई, सर. आपला इस्वास न्हाई हे त्याला कळतं.’ गाढवापुढे वाचली गीता!

त्याची खोड मोडायला उत्तर ठाऊक असलेला प्रश्न टाकला, माझ्याच नावाचा: भरतेश आहे का? हो ९९१, नाही ९. नऊ म्हणजे यंत्राचा गोंगाट, तो असतोच. पुन्हा टाकला. ९६४. सयाजी चहा तसाच टाकून पळाला. भित्री भागूबाई.

७ नोव्हेंबर
८१२. हजेरीच्या मशीनने अंगठा घेतला नाही. प्राचार्यांनी फाटकात विचारलं, कोणाला भेटायचंय? डोकं आहे की चाळण? आकडा का घसरतोय, असं एआयला विचारलं. उत्तर आलं, ‘भरतेश बहुतांशी आहे.’ दहावी नापास पोरगंही याहून बरं मराठी लिहील.

१० नोव्हेंबर
५०३. गोंगाट एकाच दिशेने घसरत नाही. म्हणून दहा वेळा पुन्हा तपासलं. शास्त्राची पद्धतच ती. शेवटी ३७७.

सहाला फोन आला नाही. मीच केला. आई म्हणाली, ‘कोण बोलतंय वो?’ नाव सांगितलं. म्हणाली, मला दोन मुलीच. आणि ठेवला.
मी घाबरलोय.

११ नोव्हेंबर
१४०. वर्गात शिकवत होतो, पोरं उठून गेली — सर आलेच नाहीत म्हणत —
फक्त सयाजीला दिसतो, तेही डोळे बारीक करून. म्हणाला, ‘आता इचारू नका. हाय म्हना आन गप बसा.’ शिपायाकडून शिकायची वेळ —

१२ नोव्हेंबर
विचारलं नाही.

१३ नोव्हेंबर
नाही. बोटं शिवशिवतात —

१५ नोव्हेंबर
मशीनने अंगठा घेतला! प्राचार्यांनी हाक मारली. नाव चुकलं, पण मारली.

१६ नोव्हेंबर
सहाला फोन. ‘जेवलास काय रं?’ मी रडलो. कशाला रडतोस म्हणाली, उद्या शेंगापोळ्या घेऊन येते.

१७ नोव्हेंबर
आई येईलच आता. मी आहे. पण कशावरून? फोन हा काय पुरावा झाला? सयाजीचं ऐकून बरा झालो, असं चारचौघांत सांगू? मी काय कळ्या चिकटवणारा — हजारच्या हजार आले की कायमचं मिटलं. एकदाच.

टाकला. एआय मोजतोय —

खिडकीतून एसटी दिसतेय. आई उतरली. हातात डबा. वर बघून हात करतेय. मलाच करतेय, मला ओळख —

आकडा आला. आईचा हात खाली ये