पांढरे तळवे

मंगळवार, तात्यापारा. दिवाबत्ती झाल्यावर.

परवा डॉक्टरनं ह्यांले समजावलं, पोटाची चरबी नुसती वरून दिसते तेवढीच नसते. आत रक्ताच्या नळ्या कडक होऊन राहिल्या आहेत, हृदयावर जोर पडून राहिला आहे. रोज पायी चाला, अजूनही फरक पडेल. त्या ‘अजूनही’वर मी जीव टांगून होते. कालच जोडे आणले, पांढऱ्या तळव्यांचे.

आमचं शहर राजधानी व्हायच्या आधी हे सायकलनं ऑफिसात जात. मग साहेब झाले, दारात सरकारी जीप आली, आणि सायकलवर माझे ओले टॉवेल.

आज सकाळी जोडे घालून हे दारात उभे. मले इतकं बरं वाटलं! पण पाऊल काही उचलेनात.

"काहून थांबले?"

"ड्रायव्हर येऊन राहिला. मैदानापर्यंत सोडून देईल."

"अहो, मैदान तर दोन गल्ल्या सोडून आहे!"

"पायी निघालो तर लोक म्हणतील, साहेबांची गाडी गेली."

जीपनं गेले, जीपनं आले. चाललात ना, विचारलं तर म्हणे, "हव, चाललो ना." आणि जिना चढताना धाप अशी लागली की मधेच कठडा धरून उभे राहिले. माझ्याकडे बघेनात.

मैदानात नुसता लाल मुरूम आहे. आत्ता पुसून ठेवावे म्हणून फडकं घेऊन जोडे उलटे केले.

पुसायला काहीच नव्हतं.